दोनशे बारा पायल्या आणि एक चड्डी

“पप्पा, तुम्ही मल्हारला एकट्यानं दोन तास सांभाळू शकता का? खरं सांगा.”

शिवरंजनीनं हा प्रश्न विचारला आणि आतल्या खोलीतलं शिलाई मशीन खाडकन थांबलं. मल्हार म्हणजे तिचा दीड वर्षाचा भाऊ. पप्पा म्हणजे कळंबच्या मोंढ्यातले मापाडी रामकिसन, वीस वर्षं धान्य मोजून मोजून ज्यांच्या मिश्यासुद्धा दोन्ही बाजूंनी सारख्या वजनाच्या झाल्यात. त्यांना असा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. त्यांच्या आईनं नाही, बायकोनं नाही, मोंढ्यातल्या कुणी तर नाहीच नाही!

खरं तर प्रश्न शिवरंजनीचाही नव्हता. आरजू आणि अर्पिता या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती: आज विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमच्या डब्यातली कारली तू खायची. कारलं आणि पप्पा यांत शिवरंजनीनं पप्पा निवडले.

आता ही वेळ का आली, ते सांगायलाच हवं. शिवरंजनी नववीत, शाळेच्या खो-खो संघात. खांबावर सूर मारण्यात अख्ख्या तालुक्यात तिचा हात धरणारी पोरगी नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी सोमवारपासून अकरा दिवस संध्याकाळी सराव होता, आणि सरांनी बजावलं होतं की एक दिवस बुडाला तरी नाव कट. पण संध्याकाळी आईकडं ब्लाऊजवाल्या बाया यायच्या. त्यात लग्नसराई. घरभर कात्र्या, टाचण्या, गरम इस्त्री. म्हणून मल्हारला त्या वेळात घराबाहेर खेळवायची ड्यूटी शिवरंजनीची. आणि पप्पा? पप्पा साडेचारलाच घरी यायचे आणि ओट्यावर बसून दमायचे.

तर प्रश्न ऐकून पप्पांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

“दोन तास? अगं, हंगामात हजार पोत्यांवर मी एकटा नजर ठेवतो. मोंढ्यात माझ्यासमोर एक दाणा इकडचा तिकडं होत न्हाय. हे तर एवढुसं.” त्यांनी मल्हारला काखेत धरून वर उचललं, डोळे बारीक केले. “दहा किलो दोनशे ग्रॅम. हागला की दहा शंभर.”

आई दारात आली. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून तिनं शांतपणे निकालच वाचून दाखवला. उद्या रविवार. चार ते सहा, समोरच्या मोकळ्या जागेत पप्पा आणि मल्हार, तिसरं कुणी नाही. पप्पांना जमलं तर सोमवारपासून रोज मल्हार पप्पांकडं आणि शिवरंजनी मैदानावर. नाही जमलं तर आहे तसं चालू. शिवरंजनीनं गच्चीवर बसून बघायचं, पण तोंड उघडायचं नाही आणि जिन्याची पायरी उतरायची नाही. उतरली किंवा बोलली की पप्पा हरले. गेल्या दिवाळीत पप्पांनी असाच एक तास सांभाळून दाखवला होता, तेव्हा शिवरंजनी खिडकीतून त्यांना खुणा करत होती, हे आई विसरली नव्हती. शिवरंजनीसोबत गच्चीवर मैत्रीण बसली तर तिलाही हाच नियम.

“पैज मंजूर,” पप्पा म्हणाले. मल्हार म्हणाला, “जेशीबी.”

हा मल्हारचा एकुलता एक शब्द. मागच्या महिन्यात गल्लीत नाली खोदायला जेसीबी आला होता. तेव्हापासून मल्हारनं आई, पप्पा, ताई हे सगळे शब्द पुढच्या वर्षावर ढकलले होते.

रविवारी चारला शिवरंजनी आणि आरजू भुईमुगाच्या शेंगा घेऊन गच्चीवर कठड्याला टेकल्या. खाली मोकळी जागा. अलीकडं यांचं घर, पलीकडं कमलबाईंचा गोठा, गोठ्याशेजारी जनावरांना पाणी पाजायचा हौद, आणि मधे खुंटीला एक शेळी. तिचं करडू मात्र मोकळं. सगळ्या मैदानाचा मालक असल्यासारखं ते हिंडत होतं.

पप्पांनी सुरुवात झोकात केली. मोंढ्यातली पद्धत! राशीभोवती राखेची रेघ ओढली की तिच्या आत कुणी पाऊल टाकत नाही. पप्पांनी चुलीतली राख आणली, मल्हारला मधोमध बसवलं, भोवती झकास गोल रेघ ओढली आणि खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. मल्हारनं रेघेकडं पाहिलं. एक बोट लावलं. बोट चाटलं. आवडलं. मग त्यानं अर्धा गोल चाटून पुसून साफ केला आणि उरलेल्या अर्ध्यातून रांगत बाहेर पडला.

त्यानंतर पप्पा खुर्चीवर बसले नाहीत. मल्हारनं कोंबडीला दगड खाऊ घालायचा प्रयत्न केला. पप्पांची चप्पल नालीत सोडून ती वाहते का, ते पाहिलं. शेळीच्या लेंड्या एकेक वेचून पप्पांच्या खिशात भरल्या. पप्पा तेव्हा नालीत चप्पल शोधत होते. माणूस शेत नांगरून जसा दिसेल तसे पप्पा पंचवीस मिनिटांत दिसायला लागले. शिवरंजनीच्या तोंडातली शेंग तशीच राहिली. अजून पस्तीस अधिक साठ मिनिटं. तिला आपलं नाव सरांच्या वहीत दिसलं, आणि त्यावरून लाल पेन फिरताना दिसलं.

पण मग एक चांगली गोष्ट झाली. मल्हार मुंग्यांच्या रांगेपाशी पालथा पडला आणि पप्पाही त्याच्याशेजारी उकिडवे बसले. “हे बघ, हमाल,” ते त्याला सांगत होते. “एका खेपेला एक दाणा. संघटना न्हाय बिचाऱ्यांची.” मल्हार ऐकत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बापलेक ढुंगणं वर करून मुंग्या बघत होते आणि गच्चीवर शिवरंजनीचा जीव भांड्यात पडत होता. जमतंय की यांना!

नेमकं तेव्हाच पलीकडून कमलबाई आल्या.

कमलबाईंच्या घरी तीन जावा. शेत एकत्र, चुली वेगळ्या. वर्षाची खायची जवारी दरवर्षी खळ्यावरून आणून या जागेत ताडपत्रीवर ओतायची, पायलीनं मोजायची आणि तीन वाटे करायचे, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. काट्यावर का नाही, असं कुणी विचारलं की कमलबाईंचं उत्तर ठरलेलं: काट्याला आकडे कळतात, बरकत कळत न्हाय. दुपारी ओतलेली रास शिवरंजनीनं पाहिली होती, पण ती आजच मोजतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“रामकिसनभाऊ,” कमलबाई म्हणाल्या, “दिवस मावळायच्या आत मोजून द्या की. तुमच्या हाताला बरकत हाय.”

मापाड्याला राशीवर बोलावलं आणि तो नाही म्हणाला, असं आजवर झालेलं नाही. त्यात हाताला बरकत म्हटल्यावर तर पप्पांचे हात आपोआप कमरेवर गेले. त्यांनी एकदा गच्चीकडं पाहिलं. शिवरंजनीनं मान इतक्या जोरात हलवली की वेण्या तिच्याच गालावर बसल्या. पप्पांना वाटलं, पोरगी हो म्हणतेय.

मल्हारचं काय? पप्पांनी डोकं लढवलं. खांद्यावरचा लांब गमछा काढला. एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं मल्हारच्या चड्डीला, मागच्या बाजूनं, पक्की गाठ. मल्हारच्या हातात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा दिला आणि त्याला पाठीमागं बसवलं. पोरगं ओढतंय तोवर पोरगं आहे. हिशेब सोपा!

आता त्या चड्डीबद्दल दोन शब्द. ती आईनंच शिवली होती. अख्ख्या कळंबच्या बायांचे ब्लाऊज मापात बसवणारी आई गेले पंधरा दिवस म्हणत होती की मल्हारच्या चड्डीचं इलास्टिक ढिलं झालंय, बदलायचंय. पण गिऱ्हाइकांचं आधी.

पप्पांनी राशीला हात जोडले, पायली भरली, वर दाण्यांची शीग लावली आणि शेजारी ओतली. “लाभ, लाभ, लाभ, लाभ...” पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दुसरी पायली भरेपर्यंत तोच शब्द घोळवत राहायचा, म्हणजे आकडा हरवत नाही. “दोन, दोन, दोन, दोन...” आणि एकदा मोजणी लागली की मापाड्यानं बोलायचं नाही, मान वळवायची नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. मोजणी तुटली तर सगळं परत ओतायचं आणि पुन्हा लाभपासून. हे कळंबमधलं शेंबडं पोरही जाणतं. फक्त मल्हार जाणत नव्हता.

अकराव्या पायलीला मल्हार उभा राहिला. चड्डी बसूनच राहिली.

गच्चीवर आरजूनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. मल्हारनं एक पाय काढला, दुसरा पाय काढला, आणि उघड्या ढुंगणानं, डबा काखेत मारून तो राशीमागं निघाला. गमछा ढिला पडला. पप्पांचा हात क्षणभर थबकला. शिवरंजनी कठड्यावरून पुढं वाकली. वळा, पप्पा, वळा! आणि त्याच क्षणी करडू आलं. त्यानं चड्डी हुंगली, तोंडात धरली आणि ओढली. गमछा ताठ झाला. पप्पांचा चेहरा निवांत झाला. पोरगं आहे. “बारा, बारा, बारा...”

“ये तेरा बाप है के पुतळा?” आरजू कुजबुजली आणि जीभ चावली, कारण नियम तिलाही होता.

मल्हारला राशीमागं काय सापडलं? न मोजलेली मोठी रास आणि मोजलेली वाढती रास, यांच्यामधली खिंड. दोन बाजूंना दाण्यांचे डोंगर, हातात डबा. जेसीबीवाल्याला आयुष्यात आणखी काय लागतं? त्यानं मोजलेल्या राशीत डबा खुपसला, “घूंऽऽ” केलं आणि मोठ्या राशीत ओतला. पुन्हा खुपसला, पुन्हा ओतला. डब्यानं दमला की दोन्ही हातांनी लोटायचा. हातांनी दमला की पाठ टेकून पायांनी. एका लाथेला अर्धी पायली जवारी घसरून जिथून आली तिथं परत जात होती. तुम्ही म्हणाल, दीड वर्षाचं पोरगं एवढं काम करेल का? आरजू साक्षीला आहे. भाकरीचा तुकडा गिळायला ज्याला अर्धा तास लागतो, तोच मल्हार त्या दिवशी रोजंदारीवरच्या चार गड्यांना लाजवत होता.

समोर बसलेल्या कमलबाईंना राशीमुळं मल्हार दिसत नव्हता. त्यांची नजर पायलीवर. त्यांचा अंदाज दीडशे पायल्यांचा होता. शंभर झाल्या, रास अजून कमरेएवढी. सव्वाशे झाल्या, रास जिथल्या तिथं. एकशे पन्नास झाल्या तेव्हा कमलबाईंनी डोक्यावर पदर घेतला. एकशे साठला त्या हळूच उठल्या, घरात गेल्या आणि धाकट्या जावेला, प्रेमाबाईला, हळदीकुंकवासकट घेऊन आल्या. प्रेमाबाईच्या हातात नारळही होता. दोघींनी राशीला लांबूनच हात जोडले. गल्लीतल्या आणखी चार बाया येऊन त्यांच्यामागं उभ्या राहिल्या, आणि कमलबाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. रास सरत नव्हती! सासूबाईंच्या काळात एकदा असं झालं होतं म्हणे. बरकत चालू असताना बोललं की ती जाते.

म्हणजे आता खाली कुणी बोलणार नव्हतं आणि वर कुणी बोलायचं नव्हतं. सगळ्या गल्लीत एकटे पप्पा बोलत होते, तेही “एकशे ऐंशी, एकशे ऐंशी.”

पप्पांच्या चेहऱ्यावर तर तेज आलं होतं. आपल्या हाताला बरकत आहे हे ते ऐकून होते, पण एवढी! पाठीमागं गमछा लयीत ओढ देत होता. मोजणीही झकास, पोरगंही झकास. शिवरंजनीनं घड्याळ पाहिलं. पाच चाळीस. वीस मिनिटं राहिली होती. तिला माहीत होतं की खाली जे चाललंय ते चूक आहे. पण मल्हार सुखरूप होता, पप्पांच्या हातभर अंतरावर होता, आणि वीस मिनिटांनी खो-खो होतं. ती गप्प राहिली. आरजूनं तिच्याकडं पाहिलं, तिनं आरजूकडं पाहिलं नाही.

पाच अठ्ठेचाळीसला जेसीबीला तहान लागली.

मल्हार खिंडीतून बाहेर आला. अंगभर धूळ आणि दाणे, उंबरासारखं गच्च भरलेलं पोट पुढं काढून तो थेट ताडपत्रीलगतच्या हौदाकडं चालू लागला. बायांची पाठ त्याच्याकडं. पप्पांची पाठ त्याच्याकडं. हौद त्याच्या छातीइतका उंच. तो काठावर पोटावर रेलला, डबा पाण्यात घातला आणि डबा आत निसटला. मग त्यानं डब्यामागं हात घातला. मग दुसरा हात. मग त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

शिवरंजनीनं काहीच ठरवलं नाही. जिना चौदा पायऱ्यांचा आहे; तिला त्यातल्या तीनच आठवतात. मैदानाला वळसा घालायला वेळ नव्हता, वाट सरळ ताडपत्रीवरून. तिनं धाव घेतली, मोठी रास ओलांडताना पाय दाण्यांत रुतला, आणि मग तिनं तोच सूर मारला जो ती खांबावर मारते. “मल्हाऽऽर!” हात पुढं, अंग जमिनीला समांतर. मल्हारचा एक घोटा तिच्या मुठीत आला. तिनं ओढला. दोघं मागं कोसळले, थेट मोजलेल्या राशीत, आणि मोजलेली रास न मोजलेल्या राशीत.

“दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे...” पप्पा थांबले.

मल्हार तोंडातले दाणे थुंकून म्हणाला, “जेशीबी.”

पप्पांनी मल्हारकडं पाहिलं. मग कमरेच्या गमछ्याकडं पाहिलं. तो अजून ताठ होता. त्यांनी सावकाश, हाताहातानं तो ओढून घेतला. दुसऱ्या टोकाला चड्डी आली. चड्डीच्या दुसऱ्या टोकाला करडू आलं.

कमलबाईंना अर्धवट बुजलेली खिंड दिसली, पायानं लोटल्याच्या खुणा दिसल्या, आणि दोनशे बाराची बरकत नेमकी कुठून आली तेही दिसलं. त्या ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मल्हारला ताडपत्रीच्या मधोमध उभं केलं आणि पदरानं झाडायला सुरुवात केली. केसांतून, कानांतून, बेंबीतून, ढुंगणाच्या घडीतून, एक एक दाणा. “माझी जवारी हाय,” त्या एवढंच म्हणाल्या. प्रेमाबाईनं नारळ हळूच पदराआड केला.

मग रीतीप्रमाणं सगळं एकत्र लोटलं गेलं आणि पप्पा पुन्हा मापाला बसले. “लाभ, लाभ, लाभ...” आवाज असा, की कुणाचा तोटा झालाय असं वाटावं. दिवस मावळला, कमलबाईंच्या दारातला दिवा लागला, तेव्हा मोजणी संपली. एकशे अठ्ठेचाळीस पायल्या. ठरल्या अंदाजापेक्षा दोन कमी. त्या दोन शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. शिवरंजनीच्या वेण्यांत मात्र पुढं तीन दिवस जवारी निघत होती.

सगळे घरी आले. आईनं सगळं ऐकलं होतं. मशीनशेजारी बसून ती मल्हारला भरवत होती. पप्पा भिंतीला टेकून बसले. हार मान्य करणं त्यांना नवं होतं. त्यांनी हात लांबवून मल्हारच्या अंगातल्या सदऱ्याची बाही चाचपली. खांद्यापर्यंत अजून ओलसर होती. धान्य दाताखाली धरून ओल सांगणारा हा माणूस. ती बाही त्यांनी बराच वेळ बोटांत धरून ठेवली.

“म्या ओढीवर राहिलो,” ते म्हणाले. “ओढ लागत होती म्हणून मागं बघितलंच न्हाय.” मग शिवरंजनीकडं न बघता म्हणाले, “तू बोललीस ते बरं झालं, बाळा.”

शिवरंजनीला वाटलं, आता भुईनं पोटात घ्यावं. पप्पा पाठमोरे होते. ती तर समोरून बघत होती! तासभर शेंगा खात बघत होती. हे ती मोठ्यानं बोलली नाही, पण आईनं तिच्याकडं असं पाहिलं की बोलायची गरजच उरली नाही.

“नियम नियम असतो,” आई म्हणाली. “उतरलीस बी आन बोललीस बी. उद्या संध्याकाळी मल्हार तुझ्याकडं.”

उद्या सोमवार. शिवरंजनीला सरांची वही दिसली, लाल पेन दिसलं. आरजू आणि अर्पिता उद्या काय विचारतील तेही ऐकू आलं. ती उठली. दारापाशी पप्पांचा गमछा पडला होता, चड्डीसकट. चड्डीचा अर्धा भाग करडानं नेला होता. तिनं गाठ सोडली, चड्डी झटकली, दोन दाणे खाली पडले. मग ती आईच्या मशीनसमोर उभी राहिली, निवड चाचणीला उभी राहावी तशी, छाती पुढं काढून.

“मी उद्या मैदानावर जाणार,” ती म्हणाली. “मल्हार पण येणार. आन पप्पा पण. पप्पांनी मल्हारकडं बघायचं आन मी पप्पांकडं बघणार.” आई काही बोलायच्या आत तिनं उरलेली अर्धी चड्डी तिच्यापुढं ठेवली. “तू फक्त ह्याला नाडीची शिवून दे. इलास्टिकवर माझा भरवसा राहिला न्हाय.”